एका अक्षराचा वारसा : पेशीविभाजन आणि ‘बॉम्बे’ रक्तगट

रक्तगट कोणता, असे विचारले की आपण ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी एक उत्तर देतो आणि त्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ अथवा ‘निगेटिव्ह’ हा शब्द जोडतो. एवढ्यावर आपले समाधान होते. परंतु याखेरीज आणखी एक दुर्मीळ रक्तगट आहे, त्याला आपल्या राजधानीचे नाव आहे, आणि तो ज्या प्रदेशात तुलनेने अधिक आढळतो त्यात आपले कोकण येते, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘बॉम्बे’ हे त्या रक्तगटाचे नाव. तो असलेली व्यक्ती आयुष्यभर ठणठणीत असते. तिच्या कागदावर बहुधा ‘ओ’ असे लिहिलेले असते. रक्त चढविण्याची वेळ येते तेव्हाच प्रथम लक्षात येते की, पेढीतील एकही पिशवी तिच्या रक्ताशी जुळत नाही.

अशी वेळ तारुण्यापेक्षा उतारवयात येण्याचा संभव अधिक. खुब्याचे हाड मोडणे, जठरातील व्रणातून रक्तस्राव होणे, हृदयाची किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया ही सारी रक्ताची गरज निर्माण करणारी कारणे साठीनंतर वाढत जातात. म्हणून हा विषय ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी समजून घेतला पाहिजे. तो नीट समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते. पेशी कशी विभागते आणि आपल्याजवळचा मजकूर पुढच्या पेशीला, पुढच्या पिढीला कसा देते, तिथपर्यंत.

एका पेशीच्या दोन पेशी

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. तो सलग नसून ४६ तुकड्यांत असतो. या तुकड्यांना गुणसूत्रे म्हणतात. त्यांच्या २३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, दुसरे वडिलांकडून आलेले असते. डीएनएची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे : ए, टी, जी आणि सी. या चार अक्षरांच्या क्रमाने लिहिलेल्या सूचनांना आपण जनुके म्हणतो. डोळ्यांच्या रंगापासून रक्तगटापर्यंत अनेक गोष्टी या सूचनांनुसार ठरतात.

पेशीला दोन व्हायचे असते तेव्हा ती प्रथम या संपूर्ण मजकुराची नक्कल करते. नक्कल पूर्ण झाली की गुणसूत्रे आखूड व जाड होतात, पेशीच्या मध्यभागी रांगेत येतात, आणि प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती विरुद्ध टोकांकडे ओढल्या जातात. मग पेशी मध्यावर आवळली जाऊन तिचे दोन भाग होतात. प्रत्येक भागाला पूर्ण ४६ गुणसूत्रे मिळतात. याला सूत्री विभाजन म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी पेशींना रंग देऊन हा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली टिपला आणि १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

लहानपणी हे विभाजन वाढीसाठी असते. वाढ थांबल्यावर ते डागडुजीसाठी चालू राहते. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होते. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे ती स्वतः विभागू शकत नाही. तिची जागा भरून काढण्याचे काम हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेला करावे लागते. निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार करते. हे वाक्य वाचून होईपर्यंत आपल्या शरीरात काही लक्षावधी विभाजने घडून गेलेली असतील. याउलट मेंदूतील चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी जवळजवळ विभागतच नाहीत. पक्षाघाताने किंवा हृदयविकाराच्या झटक्याने झालेली हानी पूर्णपणे भरून येत नाही, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

इतक्या प्रचंड प्रमाणावर नक्कल करताना चुका होणार नाहीत का? होतात, पण फारच थोड्या. पेशीतील विकरे नक्कल करता करता ती तपासतात आणि चुकलेले अक्षर काढून योग्य अक्षर बसवतात. या सर्व तपासण्या पार करून अब्जभर अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक शिल्लक राहते. वय वाढते तशी विभाजनांची संख्या वाढते, त्याबरोबर अशा चुकाही साठत जातात, आणि दुरुस्तीची यंत्रणा थोडी मंदावते. कर्करोग प्रामुख्याने उतारवयात का आढळतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. कर्करोगाची अनेक औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. म्हणूनच त्या उपचारात केस गळतात, तोंड येते आणि रक्तातील पेशी कमी होतात, कारण या तिन्ही ठिकाणच्या निरोगी पेशीही वेगाने विभागणाऱ्या असतात.

घरातील ज्येष्ठांसाठी येथे एक व्यवहारी सूचना आहे. डीएनएची नक्कल करण्यासाठी पेशीला बी-१२ जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल लागते. ते अपुरे पडले की मज्जेतील विभाजन अडखळते आणि रक्तक्षय होतो. पूर्ण शाकाहारी असलेले, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असणारे वृद्ध यांच्यात बी-१२ची कमतरता वारंवार आढळते. थकवा आणि पायांच्या मुंग्या ‘वयामुळेच’ असे समजून सोडून न देता डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदा तपासणी करून घ्यावी.

कलम आणि कोय

आतापर्यंत पाहिले ते शरीरांतर्गत विभाजन. पुढची पिढी घडविणारे विभाजन वेगळे असते. तो फरक समजावून घेण्यासाठी रत्नागिरीकराला दूर जायला नको; परसातील आंब्याकडे पाहिले तरी पुरे.

रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधली की त्या कलमाला हापूसच लागतो. काडीतील पेशी सूत्री विभाजनाने वाढतात, म्हणजे मूळ झाडाच्या मजकुराची हुबेहूब नक्कल करीत राहतात. म्हणून आजचे कलम आणि ज्या जुन्या झाडावरून त्याची काडी आली ते झाड, दोघांचे फळ एका वाणाचे. परंतु हापूस खाऊन त्याची कोय मातीत पुरली तर येणाऱ्या झाडाला हापूस लागेल याची खात्री कोणताही बागायतदार देणार नाही. कोयीतील रोप दोन पालकांच्या संकरातून जन्मलेले असते. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा वाण तयार झाला, तो याच तत्त्वावर.

माणूस कोयीच्या पद्धतीने जन्मतो. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू तयार होताना जे विभाजन होते त्याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. त्यात मजकुराची नक्कल एकदाच होते, पण पेशी लागोपाठ दोनदा विभागते. परिणामी प्रत्येक बीजपेशीला ४६ ऐवजी २३ गुणसूत्रे मिळतात, म्हणजे प्रत्येक जोडीतील एकच. त्या जोडीतील आजीकडचे गुणसूत्र जाणार की आजोबांकडचे, हे केवळ योगायोगाने ठरते. २३ जोड्यांची अशी निवड धरली तर एका व्यक्तीच्या बीजपेशींत सुमारे ८४ लाख प्रकारची जुळणी संभवते. शिवाय विभाजनापूर्वी जोडीतील गुणसूत्रे आपापसांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात, ती वेगळीच. एकाच आईवडिलांची मुले इतकी निरनिराळी निघतात, ती या कारणाने.

या प्रक्रियेची एक विलक्षण बाजू आजीआजोबांना मुद्दाम सांगावीशी वाटते. स्त्रीची बीजे तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. अर्धगुणसूत्री विभाजन त्या वेळीच सुरू होते आणि वर्षानुवर्षे अर्ध्यावर थांबून राहते. याचा अर्थ असा की, ज्या बीजापासून आपल्या नातवाचा जन्म झाला ते बीज त्याची आई तुमच्या लेकीच्या रूपाने तुमच्या पोटात वाढत असतानाच तयार झाले होते. काही काळ तीन पिढ्या एकाच देहात नांदल्या होत्या.

परळमध्ये लागलेला शोध

आता रक्तगटाकडे वळू. मुंबईच्या परळ भागातील के.ई.एम. रुग्णालय आणि शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून रुग्णसेवेत आहे. भोवताली गिरणगाव, आणि गिरणगावात कोकणातून पोट भरण्यासाठी गेलेला मोठा श्रमिक वर्ग. रत्नागिरीच्या कितीतरी घरांतील एक पिढी या परिसरातील चाळींत राहिली आहे. या रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींच्या रक्तात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नव्हता आणि बी नव्हता. म्हणजे नेहमीच्या चाचणीप्रमाणे त्यांचा गट ओ ठरत होता. परंतु त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींचाही नाश करीत होता. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते, हा त्या काळचा सर्वमान्य नियम येथे लागू पडत नव्हता.

हे निरीक्षण १९५२ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या शहरात शोध लागला त्याचे नाव या गटाला मिळाले. कालक्रम लक्षात घेतला तर या कामाचे मोल अधिक कळते. डीएनएची दुपदरी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली ती १९५३ मध्ये. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे निश्चित झाले १९५६ मध्ये. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ असा आकडा छापला जात असे. म्हणजे आनुवंशिकतेचा मजकूर कोणत्या लिपीत लिहिला आहे हे जगाला ठाऊक होण्यापूर्वीच परळच्या प्रयोगशाळेने त्या मजकुरातील एक दुर्मीळ पाठभेद केवळ रक्ताच्या गुठळ्यांवरून ओळखला होता.

पुढे के.ई.एम.च्या आवारातच रक्तगटांच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ती हीच. डॉ. एच. एम. भाटिया आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत साधारण ७,६०० व्यक्तींमागे एकाचा रक्तगट बॉम्बे होता. युरोपात हेच प्रमाण दहा लाखांत एक इतके विरळ मानले जाते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातील १७९ नोंदींपैकी ११२ व्यक्ती महाराष्ट्रातील होत्या, आणि राज्याच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांचा वाटा त्यात मोठा आहे.

ओ दिसतो, पण ओ नव्हे

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या असतात. ‘एच’ नावाचे एक जनुक एक विकर तयार करते आणि ते विकर या साखळीच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडते. हा झाला एच प्रतिजन, म्हणजे पाया. ए गटाच्या व्यक्तीत या पायावर एक आणखी शर्करा बसते, बी गटाच्या व्यक्तीत दुसरी, एबी गटात दोन्ही. ओ गटाच्या व्यक्तीत वर काहीच बसत नाही; पाया तसाच उघडा राहतो. थोडक्यात, ए, बी आणि ओ या तिघांतही एच असतोच.

बॉम्बे गटाच्या व्यक्तीत एच जनुकच निकामी असते. पाया नाही, म्हणून वरचा मजला नाही. त्या व्यक्तीजवळ ए किंवा बीचे जनुक धडधाकट असले तरी त्याला शर्करा बसवायला जागाच मिळत नाही. नेहमीच्या चाचणीत ए आणि बी दिसत नाहीत, म्हणून निष्कर्ष ‘ओ’ असा निघतो.

आपले शरीर जे प्रतिजन आपल्याजवळ नाहीत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बाळगून असते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत ए, बी आणि एच या तिघांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ती जन्मानंतर नैसर्गिकरीत्याच तयार होतात. त्यासाठी पूर्वी कधी रक्त घेतलेले असावे लागत नाही. म्हणून पहिल्याच वेळी ओ गटाची पिशवी लावली तरी आत गेलेल्या तांबड्या पेशी वेगाने फुटू लागतात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि जिवावर बेतू शकते. अशा व्यक्तीला बॉम्बे गटाचेच रक्त चालते, आणि तेही आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पाहून.

या निकामी जनुकाचे मूळ आता अक्षरापर्यंत शोधले गेले आहे. एच जनुकाचा मजकूर सुमारे अकराशे अक्षरांचा आहे. भारतातील बॉम्बे गटाच्या अनेक व्यक्तींत ७२५व्या स्थानी ‘टी’ऐवजी ‘जी’ हे अक्षर आढळते. एवढ्या एका फरकाने विकराचा एक घटक बदलतो आणि ते काम करेनासे होते. निरनिराळ्या घराण्यांत हीच चूक, याच जागी आढळावी, यावरून असे दिसते की ती फार पूर्वी एखाद्या पूर्वजाच्या बीजपेशीत घडली असावी. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या पेशींनी तिची इमानाने नक्कल केली. नक्कल करणारी यंत्रणा आपल्यासमोरचा मजकूर उतरवून घेते. जुन्या मजकुरातील चूक तिला चूक म्हणून कळत नाही.

घरातले गणित

एच जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यातली एक जरी चांगली असली तरी काम भागते. अशी व्यक्ती वाहक असते. तिचा रक्तगट नेहमीसारखाच असतो आणि तिला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून निकामी प्रत मिळण्याची शक्यता चारांत एक असते. चार मुले झाली तर त्यातले एक बॉम्बे गटाचे असलेच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

दहा हजारांत एक माणूस बॉम्बे गटाचा असे मोजणीसाठी धरले, तर वाहकांचे प्रमाण साधारण पन्नासात एक निघते. म्हणजे गट दुर्मीळ असला तरी त्याचे जनुक तितके दुर्मीळ नाही. नात्यात विवाह झाला की एकाच पूर्वजाकडून आलेली निकामी प्रत दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामेबहीण-आतेभाऊ यांचे विवाह आपल्याकडे अनेक समाजांत रूढ होते, काही ठिकाणी अजून होतात. वरील प्रमाण धरून हिशेब केला तर अशा विवाहातील अपत्यात हा गट येण्याची शक्यता सर्वसाधारण प्रमाणाच्या सुमारे सातपट होते. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. ही माहिती पुढच्या पिढीचे विवाह ठरविताना उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आणखी एक प्रसंग सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यात रक्तापेक्षा नात्याचा प्रश्न असतो. समजा, आईच्या कागदावर ओ, वडिलांच्या कागदावर ओ आणि मुलाच्या तपासणीत बी निघाला. शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे हे अशक्य. घरात कुजबुज सुरू होते आणि एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात. प्रत्यक्षात ती माता बॉम्बे गटाची असू शकते. तिच्याजवळ बी जनुक होते, पण एचअभावी ते झाकलेले राहिले. एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर असते, एच एकोणिसाव्यावर. बीजपेशी तयार होताना दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. मुलाला आईकडून बी मिळाला, वडिलांकडून एचची चांगली प्रत मिळाली, आणि आईत झाकलेला बी मुलात उघड झाला. असा पेच उद्भवल्यास निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आधी रक्तपेढीत सर्वांची पूर्ण तपासणी करावी. अनेकदा प्राथमिक चाचणीतील किंवा नोंदीतील साधी चूकही निघते.

ज्येष्ठांच्या घरी काय करावे

रक्तगट शिबिरात किंवा छोट्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर होणारी तपासणी बहुधा केवळ तांबड्या पेशींची असते. तिच्यात बॉम्बे गट ओ म्हणूनच दिसतो. रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी होते, आणि त्यात ओ पेशींशी होणारी प्रतिक्रिया लक्षात येते. म्हणून ज्यांच्या कागदावर ओ आहे, त्यांनी नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रक्तपेढीतून दोन्ही बाजूंची तपासणी झाल्याची खात्री करून घ्यावी. उतारवयात रक्तातील प्रतिपिंडे क्षीण होऊ शकतात आणि त्यामुळे उलट तपासणीचा निकाल संदिग्ध येतो. अशा वेळी ती पुन्हा करण्याचा आग्रह धरण्यात काही वावगे नाही. प्रत्येक पिशवीपूर्वी होणारी क्रॉसमॅच चाचणी ही शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची चौकी आहे. कितीही घाई असली तरी ‘ओ तर आहे, लावा’ असे नातेवाइकांनी सुचवू नये.

बॉम्बे गट निष्पन्न झाला तर घाबरण्याचे कारण नाही. हा आजार नव्हे आणि त्याला औषधही लागत नाही. पण काही गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. गटाची लेखी नोंद असलेले कार्ड रक्तपेढीकडून घेऊन ते रुग्णाच्या पाकिटात आणि घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे. सख्ख्या भावाबहिणींची तपासणी प्रथम करावी, कारण जुळणारे रक्त मिळण्याची शक्यता त्यांच्यातच सर्वाधिक असते. त्यानंतर चुलत, मावस, मामे भावंडांकडे वळावे. मुंबईला, पुण्याला किंवा परदेशी गेलेल्यांनाही कळवावे. आपल्याकडील घरे विखुरलेली असतात, आणि नेमका दाता दूरच्या नात्यात निघतो.

घरातील तरुण व्यक्ती या गटाची निघाली तर तिने रक्तपेढीकडे दाता म्हणून नाव नोंदवावे. वय १८ ते ६५ च्या दरम्यान, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असेल, तर पुरुषाला ९० दिवसांच्या आणि स्त्रीला १२० दिवसांच्या अंतराने रक्तदान करता येते. साठीनंतर प्रथमच देणाऱ्यास मात्र सहसा घेत नाहीत. अशा दात्याने कारणावाचून वारंवार रक्त देण्यापेक्षा हाक येताच पोहोचणे अधिक मोलाचे. रक्ताची पिशवी शीतपेटीत ३५ ते ४२ दिवसच टिकते.

शस्त्रक्रिया ठरविण्यास अवधी असेल तर तो सत्कारणी लावावा. रक्तक्षय असल्यास लोह, बी-१२ यांची भरपाई करून हिमोग्लोबिन वाढवून घ्यावे. प्रकृती साथ देत असेल तर रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवता येते. हृदयविकार किंवा रक्तक्षय असलेल्या वृद्धांना मात्र हे झेपेलच असे नाही, तो निर्णय भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांवर सोपवावा. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती शल्यचिकित्सकाला सांगावीत. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आपल्या जिल्ह्याचा भूगोलही ध्यानात घ्यायला हवा. दुर्मीळ रक्त मुंबईहून किंवा घाट उतरून कोल्हापूरकडून आणायचे झाले तर काही तास जातात. पावसाळ्यात दरड कोसळली की तासांचे दिवस होतात. म्हणून रक्ताची जुळवाजुळव शस्त्रक्रियेच्या तारखेआधी झाली पाहिजे, टेबलावर घेतल्यानंतर नव्हे.

रक्त चढविले जात असताना जवळ बसणाऱ्याने पहिली पंधरा-वीस मिनिटे विशेष लक्ष द्यावे. थंडी वाजून ताप येणे, कमरेत किंवा छातीत दुखणे, सुई लावलेल्या शिरेत आग होणे, धाप लागणे, अकारण अस्वस्थ वाटणे, लघवी लालसर किंवा गडद होणे यांपैकी काहीही दिसल्यास परिचारिकेला तत्काळ बोलवावे. रक्त थांबविणे हा पहिला उपचार असतो. बोलता न येणाऱ्या किंवा भूल उतरत असलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही नजर आपलीच असते.

शेवटी, ‘पेशींना पुन्हा तरुण करणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची संरक्षक आवरणे असतात आणि शरीरातील बहुतेक पेशींत ती प्रत्येक विभाजनात थोडी झिजतात, हे खरे आहे. त्यांच्यावरील संशोधनाला २००९ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु एखाद्या गोळीने ती लांबवून माणसाचे म्हातारपण थोपविता येते, असे सिद्ध झालेले नाही. तो पैसा हिमोग्लोबिन, बी-१२ आणि रक्तगटाच्या खात्रीशीर तपासणीवर खर्च झाला तर त्याचा उपयोग होईल.

लक्षात ठेवण्यासारखे

• कागदावरील ‘ओ’ अंतिम समजू नये. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तपेढीत पेशी व रक्तद्रव या दोन्हींची तपासणी करून घ्यावी.

• बॉम्बे गटाच्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त चालत नाही.

• अशी व्यक्ती घरात आढळल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी.

• मुलाचा गट आईवडिलांच्या गटांशी जुळत नसेल तर संशय घेण्यापूर्वी पुन्हा तपासणी करावी.

• गटाचे कार्ड रुग्णाच्या नेहमीच्या औषधांच्या यादीसोबत ठेवावे आणि ते कोठे ठेवले आहे, हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे.